भाड्याच्या कुरणात ती धावलीच नाही

पत्राचा गोषवारा : इंग्लंडच्या मिडलँड्स भागात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने शर्यतीतून निवृत्त झालेली पाच वर्षांची ग्रेहाउंड कुत्री गेल्या वर्षी दत्तक घेतली. उघड्या जागी तिची लीश (गळपट्ट्याला लावून हातात धरायचा दोर) सोडायची नाही, अशी दत्तक देणाऱ्या संस्थेची अट आहे. तिला मनसोक्त धावता यावे म्हणून हे कुटुंब गावाबाहेरच्या एका कुरणात जाऊ लागले. चारही बाजूंनी उंच कुंपण असलेले हे कुरण खास कुत्र्यांसाठी तासाला 12 पौंड भाड्याने मिळते. पहिल्या खेपेला कुत्रीने एकच फेरी मारली आणि उरलेला वेळ फाटकाजवळ हुंगण्यात घालवला. पुढच्या खेपांना तर ती धावलीच नाही. पतीचे म्हणणे असे, की हुंगण्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. सांगलीहून मुक्कामाला आलेल्या सासूबाईंना सगळाच प्रकार खटकतो. गावाकडे कुत्री मोकळी हिंडतात, मग हिला जन्मभर बांधूनच ठेवायचे होते तर आणली कशाला, असे त्या विचारतात. रोज वाटेत भेटणारे इतर कुत्रेवाले सांगतात, ‘एकदा सोडून तर बघा, परत येईल.’ पत्रलेखिकेचे प्रश्न असे : कुरणात जाणे थांबवावे का? घरामागच्या पायवाटेवर तिला सोडून पाहावे का? आणि आपण या मुक्या जिवावर अन्याय तर करत नाही ना?

नमस्कार.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न बाकीच्या दोघांच्या मुळाशी आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. तुमच्या पत्रात, पतीच्या हिशेबात आणि सासूबाईंच्या हळहळीत एक गोष्ट सगळ्यांनीच गृहीत धरली आहे : मोकळेपणा म्हणजे धावणे, आणि जे कुत्रे धावत नाही ते एकतर दुःखी आहे किंवा त्याला दिलेली संधी वाया गेली. ग्रेहाउंड म्हटले की धावणेच डोळ्यांसमोर येते, त्यामुळे हा समज साहजिक आहे. मात्र तुमच्या कुत्रीचे आजवरचे आयुष्य कसे गेले असेल, याचा जरा विचार करून पाहा.

ब्रिटनमध्ये शर्यतीत धावणाऱ्या बहुतेक ग्रेहाउंडचा जन्म आयर्लंडमध्ये होतो. तिथून ती प्रशिक्षकाच्या केनेलमध्ये, म्हणजे कुत्री ठेवण्याच्या जागेत, येतात आणि साधारणपणे चार-पाच वर्षांची होईपर्यंत ठरलेल्या दिनक्रमात राहतात. शर्यतीच्या दिवशी गाडीत चढवले जाते, तोंडाला जाळी बांधली जाते, पेटीसारख्या खोक्यात उभे केले जाते, समोरून यांत्रिक ससा जातो, झडप उघडते आणि शेजारच्या पाच कुत्र्यांबरोबर धावायचे असते. अर्धे मिनिट संपते न संपते तोच पुन्हा कोणीतरी येऊन दोर अडकवतो. कधी धावायचे, कुठे धावायचे, कशामागे धावायचे आणि कधी थांबायचे, यातले काहीही तिने स्वतः ठरवलेले नव्हते. आता तुम्ही तिला एका शांत हिरव्या कुरणात नेता, दोर सोडता आणि काहीशा अपेक्षेने तिच्याकडे पाहता. तिथे ससा नाही, झडप नाही, सोबत पळणारे दुसरे कुत्रे नाही. अशा वेळी ती फाटकाजवळ थांबून हुंगते, यात मला काही चुकलेले दिसत नाही. या जागी आजवर किती कुत्री येऊन गेली, कोण घाबरलेले होते, रात्री कोल्हा कुठून गेला, हे सगळे ती नाकाने जाणून घेते आहे. आणि ते किती वेळ करायचे हे ती बहुधा पहिल्यांदाच स्वतः ठरवते आहे.

हुंगण्याला आपण फार कमी लेखतो. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पाळीव कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे नाकाने खाऊ शोधण्याचा सराव दिला, तर दुसऱ्या गटाला मालकाच्या पायाशी चालण्याचा. त्यानंतर, खाऊ असेल की नसेल याचा अंदाज येऊ नये अशा जागी वाटी ठेवल्यावर हुंगण्याचा सराव केलेली कुत्री तिच्याकडे आधीपेक्षा अधिक वेगाने गेली, म्हणजेच काहीतरी चांगले मिळेल अशी त्यांची अपेक्षा वाढलेली होती. दुसऱ्या गटात असा फरक दिसला नाही. हुंगायला पैसे लागत नाहीत हे तुमच्या पतींचे म्हणणे खरेच आहे, आणि त्या खर्चाकडे मी पुढे वळणार आहे. मात्र तिचा तो तास रिकामा गेला, असे कृपया समजू नका.

सासूबाईंच्या आक्षेपामागे माया आहे, त्यामुळे तो झटकून टाकू नये. आपल्या गावातला कुत्रा गल्लीतल्या प्रत्येक दाराला ओळखतो, कोणत्या वाड्यात भाकरी मिळते आणि कोणत्या दारातून दगड येतो हे त्याला पिलूपणापासून कळत जाते, आणि तो हिंडतो तो या ओळखीच्या जोरावर. तुमच्या कुत्रीला अशी गल्ली कधीच मिळालेली नाही. घराचा जिना, काचेचे दार आणि धुलाई यंत्राचा आवाज हेदेखील तिला निवृत्तीनंतर पहिल्यांदा भेटले असणार. शिवाय तिची जात डोळ्यांनी शिकार हेरणारी आहे. लातूर परिसरातला कारवान जातीचा शिकारी कुत्रा सासूबाईंनी कधी रानात सुटलेला पाहिला असेल, तर त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही : समोर काही पळताना दिसले की या कुत्र्यांना मागची हाक ऐकूच येत नाही. त्यांना आज्ञाधारकपणा शिकवला गेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही, कारण पिढ्यान् पिढ्या माणसाने त्यांना नेमके यासाठीच निवडून वाढवले आहे.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पायवाटेवर तिला सोडू नका, एकदाही नाही. ग्रेहाउंड ताशी 60 किलोमीटरहून अधिक वेग गाठू शकते. म्हणजे तुम्हाला तिचे नाव दोन-तीनदा पुकारायला जो वेळ लागेल, तेवढ्यात ती शेत ओलांडून रस्त्यावर पोहोचलेली असेल. ‘परत येईल’ असे सांगणारे लोक त्यांच्या स्वतःच्या कुत्र्यांच्या अनुभवावरून बोलतात, आणि लॅब्रॉडोर किंवा स्पॅनियल यांच्याबाबत ते पुष्कळदा खरेही असते. तुमची कुत्री कदाचित परत येईलही, पण वाटेत गाडी, काटेरी तार किंवा मेंढ्यांचा कळप आला तर त्या परत येण्याला काही अर्थ उरणार नाही.

मेंढ्यांचा मुद्दा शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या सहज लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबते. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1953 पासून पाळीव जनावरांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यानुसार कुत्र्याने चावा घेतला तरच गुन्हा होतो असे नाही. मेंढ्यांचा पाठलाग करणे हाही गुन्हा आहे, आणि मेंढ्या असलेल्या कुरणात कुत्रे लीशविना व निकटच्या नियंत्रणाविना असणे हेसुद्धा त्यात मोडते. गाभण मेंढी नुसत्या पाठलागाच्या धसक्यानेही गाभडू शकते. कळप वाचवण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग उरला नसेल, तर कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला 1971 च्या कायद्यात काही अटींवर बचाव उपलब्ध आहे. त्याने 48 तासांच्या आत पोलिसांना कळवावे लागते. सर्वांना फिरण्यास खुल्या असलेल्या माळरानांवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात लीश दोन मीटरपेक्षा लांब नसावी असा नियम आहे, आणि जनावरांच्या जवळ तो वर्षभर लागू असतो. स्कॉटलंडमध्ये 2021 च्या सुधारणेनंतर या गुन्ह्यासाठी 40,000 पौंडांपर्यंत दंड आणि 12 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे सगळे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. त्या मेंढ्यांच्या जिवाची आणि त्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत तुमच्या कुत्रीच्या आनंदाइतकीच खरी आहे, एवढेच मला सांगायचे आहे. संस्थेने घातलेली अटही याच अनुभवातून आलेली असते.

राहिला पहिला प्रश्न. कुरणात जाणे थांबवू नका, मात्र जाण्याचा हेतू बदला, अशी माझी विनंती आहे. सध्या तुम्ही 12 पौंड भरता आणि त्याच्या बदल्यात तिने धावावे अशी वाट पाहता. तिघांचे डोळे तिच्यावर रोखलेले असतात आणि घड्याळ पुढे सरकत असते. ग्रेहाउंडसारखे संवेदनशील कुत्रे हा ताण ओळखते. खरे तर त्या कुंपणाचा पहिला लाभ तुम्हाला आहे. रोजच्या फेरीत तुमची नजर सतत ससा, मांजर, समोरून येणारा लहान कुत्रा यांच्या शोधात असते आणि हातातली लीश नकळत आवळलेली राहते. कुरणात तुम्ही हात मोकळे ठेवून निवांत बसू शकता, आणि तुम्ही निवांत झालात की तिलाही हळूहळू कळू लागते की इथे कोणाला काही करून दाखवायचे नाही. काही निवृत्त ग्रेहाउंड महिनोन्महिने असे बसून-हुंगून घालवतात आणि एखाद्या थंड सकाळी अचानक दोन फेऱ्या मारतात. काही कधीच फारशा धावत नाहीत, आणि तेही ठीक आहे.

पैशाचा विचार मात्र जरूर करा, कारण परदेशात घर चालवताना पतींची काटकसर रास्त आहे. दर आठवड्याला जाण्याचे बंधन मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी अर्ध्या तासाची नोंदणी मिळते, आणि ग्रेहाउंडला तेवढा वेळ सहसा पुरतो, कारण तिचे शरीर छोट्या झेपांसाठी घडलेले आहे आणि दिवसाचा मोठा भाग ती झोपूनच काढते. महिन्यातून एक-दोनदा कुरण आणि इतर दिवशी तिच्या चालीने, तिला हवे तिथे थांबत घेतलेली फेरी, एवढे तिला पुरेसे ठरू शकते. लीशवरचे आयुष्य म्हणजे शिक्षा नव्हे. सतत ओढून पुढे नेले जाणे ही शिक्षा आहे. फेरीसाठी लांब दोर घेण्याचा विचार असेल तर एक सावधगिरी बाळगा : दहा मीटरच्या दोरावर ग्रेहाउंड पूर्ण वेगाने सुटली आणि दोर संपला, तर त्या झटक्याने मानेला गंभीर इजा होऊ शकते. लांब दोर कधीही गळपट्ट्याला लावू नका, अंगात घालायच्या हार्नेसला लावा, आणि तिला वेग घेता येईल इतका मोकळा सोडू नका.

आता कुरण कसे निवडावे याविषयी. सगळीच कुरणे ‘सुरक्षित’ म्हणून जाहिरात करतात, पण त्या शब्दाचा अर्थ प्रत्येक शेतकऱ्यागणिक बदलतो. कुंपण किमान सहा फूट म्हणजे सुमारे 1.8 मीटर असावे. त्याची जाळी जमिनीपर्यंत पोहोचलेली आणि खाली पक्की रोवलेली असावी, कारण बिज्जू, कोल्हे आणि ससे खालून वाटा पाडतात. एकामागोमाग दोन फाटके असावीत, म्हणजे पहिले बंद करूनच दुसरे उघडता येते. काटेरी तार कुठेही असेल तर ते कुरण ग्रेहाउंडसाठी बाद समजा, कारण तिची त्वचा इतकी पातळ असते की इतर कुत्र्याला जिथे ओरखडा उठेल तिथे हिला टाके घालावे लागतात. जमीन सशांच्या बिळांनी पोखरलेली नसावी. आकारही पाहा : एक एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर, आणि चौकोनी एकराची बाजू जेमतेम 64 मीटर भरते, जी पूर्ण वेगातली ग्रेहाउंड चार सेकंदांत संपवेल. धावणारी कुत्री हवी असेल तर मोठे, सपाट आणि लांबट कुरण बरे. नुसती हुंगणारी असेल तर झाडेझुडपे आणि उंचसखलपणा असलेले छोटे कुरणही तिला अधिक रमवील. शेजारच्या शेतात मेंढ्या असतील आणि कुंपण आरपार दिसणारे असेल, तर तिचा सगळा वेळ त्यांच्याकडे पाहत ताटकळण्यात जाईल, म्हणून नोंदणीआधी मालकाला हे विचारून घ्या. दोन नोंदण्यांच्या मध्ये पाच-दहा मिनिटांची मोकळीक ठेवली जाते का, हेही विचारा. फाटकात अनोळखी कुत्र्याशी समोरासमोर गाठ पडणे कोणालाच नको असते.

तिथे पोहोचल्यावर दुसरे फाटक नीट बंद झाल्याची खात्री केल्याखेरीज लीश सोडू नका. आधी तिला लीशवरच कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी घालून आणा. याचे दोन फायदे आहेत. तुम्हाला एखादे भगदाड असेल तर दिसते, आणि तिला कुंपण कुठे आहे ते कळते. बारीक तारेची जाळी वेगात असलेल्या कुत्र्याला दिसत नाही आणि तिच्यावर आदळून मोठ्या दुखापती होतात. या फेरीत तिचे स्नायूही तापतात. मग दोर काढा आणि तुम्ही तुमचे काही करा : चालत राहा, थर्मासमधला चहा घ्या, गवतात थोडा खाऊ विखरून ठेवा. चेंडू पुन्हा पुन्हा फेकून तिला पळवू नका. बरेच महिने बसून राहिलेल्या ग्रेहाउंडने एकदम अनेक फेऱ्या मारल्या तर तिच्या स्नायूंना गंभीर अपाय होऊ शकतो. धावण्यानंतर ती ताठरली, थरथरू लागली, किंवा तिची लघवी गडद तपकिरी दिसली, तर वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा. दोन-तीन झेपांनंतर लीश लावून शांत चालवणे बरे. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर धावणे टाळा, कारण खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पिळ पडण्याचा प्राणघातक धोका असतो. हिवाळ्यात तिला कोट घालावा लागेल. उन्हाळ्यात सकाळची वेळ घ्या, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्यात व कानांत कुसळे अडकली नाहीत ना, गोचिडी लागल्या नाहीत ना, हे पाहा. कुसळ त्वचेत शिरून आतपर्यंत सरकते आणि मग शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही.

वेळ संपत आल्यावरच तिला बोलावू नका, नाहीतर तुमची हाक म्हणजे मजा संपल्याची खूण, असे ती शिकेल. मध्ये मध्ये हाक मारा, आली की काहीतरी चांगले द्या आणि पुन्हा जाऊ द्या. हा सराव मोलाचा आहे. एखाद्या दिवशी तुमच्या हातून लीश सुटलीच, तर तो कामी येण्याची शक्यता राहते. पण कुरणात हाकेला येते म्हणून पायवाटेवरही येईल, असा निष्कर्ष मात्र काढू नका.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठीही काही सांगते. ज्यांचे कुत्रे दुसऱ्या कुत्र्यांना पाहून भुंकते किंवा घाबरते, ज्यांचे कुत्रे बहिरे आहे, किंवा ज्यांनी परदेशातून आणलेले, नुकतेच माणसाळू लागलेले कुत्रे दत्तक घेतले आहे, त्यांच्यासाठी अशी कुरणे खूपच उपयोगी आहेत, आणि त्यांनीही पहिल्या खेपेला काही घडले नाही म्हणून निराश होऊ नये. विष्ठा उचलण्याचा नियम इथे विशेष काटेकोरपणे पाळा. पुढच्या कुत्र्याला जंत होण्याची भीती तर असतेच, शिवाय कुत्र्यांच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे शेजारच्या कुरणातल्या गायी गाभडू शकतात. कुंपण आहे म्हणून नाव-पत्त्याचा बिल्ला काढून ठेवू नका, आणि तिच्या कातडीखालच्या मायक्रोचिपवर नोंदलेला तुमचा फोन नंबर चालू आहे ना, तेही तपासा.

शेवटी, तुमच्या कुत्रीला धावण्याची इच्छा खरोखर आहे की नाही हे पाहायचे असेल, तर तिला तिच्या जातीची सोबत मिळवून द्या. आयुष्यभर ती इतर ग्रेहाउंडबरोबर राहिली आणि धावली आहे, आणि आता कदाचित संपूर्ण गावात ती एकटीच तशी असेल. दत्तक देणाऱ्या संस्थेला विचारा : अशा अनेक संस्था आणि त्यांचे स्वयंसेवक निवृत्त ग्रेहाउंडच्या एकत्र फेऱ्या आणि बंदिस्त कुरणातल्या भेटी ठरवतात. तिथे सर्व कुत्र्यांच्या तोंडाला जाळी घालतात, कारण धावताना उत्तेजित होऊन ती एकमेकांची पातळ कातडी सहज फाडू शकतात. शर्यतीच्या काळापासून तिला जाळीची सवय आहे, तेव्हा त्याचे वाईट वाटून घेऊ नका. भाडे तिथे वाटून घेतले जाते, त्यामुळे पतींचा आक्षेपही बराचसा मिटेल. सासूबाईंनाही सोबत न्या, फक्त त्यांच्यासाठी चिखलातून चालता येतील असे बूट आणि एक घडीची खुर्ची गाडीत ठेवायला विसरू नका.